गृहभेटीच्या फॉर्ममध्ये मावशीचा रकाना नाही

प्रति,
राज्यातील बाल कल्याण समित्यांचे अध्यक्ष आणि सदस्य, महिला व बालविकास विभागातील अधिकारी, आणि आमच्यासारख्यांच्या घरी वही-पेन घेऊन येणारे सगळे, यांस

विषय : एका ओळीत बसला नाही, म्हणून पत्रच लिहिते.

महोदय, महोदया,

मी कोपरखैरण्याला राहते. एका खासगी शाळेत क्लार्क आहे. बोनाफाइड काढणं, शाळा सोडल्याचे दाखले लिहिणं, आधारवरच्या आणि रजिस्टरमधल्या नावांच्या वेलांट्या जुळवणं हे माझं रोजचं काम. फॉर्म वाचण्यात माझी अर्धी नोकरी गेली, त्यामुळे फॉर्ममध्ये काय विचारलंय याच्या आधी काय विचारलेलं नाही ते मला दिसतं. हे पत्र अशाच एका न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे : दुसऱ्याचं मूल सांभाळणाऱ्या बाईचं मन कसं आहे?

चार वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण गेली. कळव्याला राहायची. दोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तिचा नवरा त्याच्या आधीच घर सोडून गेलेला. माणूस जिवंत आहे, पत्ता नाही. तिचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. बाराव्याला पंगत उठता उठता नात्यातल्या एक बाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "माय मरो पण मावशी जगो म्हणतात, ते काही उगीच नाही." बिचाऱ्यांनी धीर द्यायला म्हटलं. मला मात्र त्या दिवसापासून ती म्हण नकोशी झाली. माय मरते, तिचं काम संपतं. मावशीने जगायचं आहे, पण कशी जगते ते म्हण विचारत नाही. आणि जी माय मेली ती मावशीची बहीण होती, हे तर त्या म्हणीच्या गावीही नाही.

भाचा आमच्याकडे आला तो एक दप्तर आणि दोन पिशव्या घेऊन. सिडकोची वन आरके, त्यात आम्ही दोघं, माझी मुलगी आणि तो. माझे मिस्टर वाशीच्या बाजार समितीत भाजी मार्केटला माथाडी आहेत. रात्री अडीचला घरातून निघतात, कारण भाजीच्या गाड्या उजाडायच्या आत खाली व्हाव्या लागतात. कुणीतरी सांगितलं म्हणून बालसंगोपन योजनेचा, म्हणजे अशी मुलं सांभाळणाऱ्या घरांना महिन्याला सरकारी मदत देणाऱ्या योजनेचा, अर्ज केला. बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांनी कुठे राहायचं ते ठरवणाऱ्या समितीपुढे, हजर झालो. तिथल्या मॅडमनी भाच्याला कितवीत आहेस विचारलं, बिस्कीट दिलं. ते माझ्या लक्षात आहे आणि त्याच्याही. तक्रार अजिबात नाही.

मग गृहभेट. एका संस्थेची मुलगी आली. स्टेशनपासून उन्हात चालत आलेली, घामाघूम. पाणी प्यायली आणि वही काढली. घर स्वतःचं की भाड्याचं, खोल्या किती, संडास घरात की बाहेर, मूल झोपतं कुठे, लसीकरण झालंय का, शाळेतली हजेरी किती, पासबुकाची झेरॉक्स आहे का. मुलाचं वर्तन कसं आहे? मी म्हटलं, गुणी आहे हो, फार समजूतदार. तिने लिहिलं : समजूतदार, आज्ञाधारक, समाधानकारक. शेवटी म्हणाली, "काही अडचण?"

मी म्हटलं, "नाही, काहीच नाही. सगळं छान आहे."

त्या महिन्यात मी रात्रीची दोन तास झोपत होते. मिस्टरांनी दार ओढून घेतलं की कडीच्या आवाजाने जाग यायची, आणि मग पाच वाजेपर्यंत पंख्याकडे बघत पडायचं. शाळेत एकच दाखला तीनदा लिहायचे आणि तिन्ही वेळा जन्मतारीख चुकायची. कुकर लावल्यावर शिट्ट्या मोजायचे आणि मध्येच विसरायचे. रडायचं म्हटलं तर वन आरकेमध्ये जागा कुठे? बाथरूमचा नळ सोडून रडायचे, तर मुलगी बाहेरून ओरडायची, "आई, पाणी जाईल!" संध्याकाळी स्टेशनवर तीन-तीन गाड्या सोडून उभी राहायचे. का, ते इथे लिहीत नाही.

मग खोटं का बोलले? हे जरा नीट सांगते, कारण माझ्या मते सगळी गाठ इथेच आहे.

मला वाटलं, मूल काढून घेतील. समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, एवढं मी ऐकून होते. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ४४ मी मोबाइलवर वाचलं होतं. फॉस्टर केअरसाठी, म्हणजे मूल दत्तक न देता दुसऱ्या घरात काही काळ सांभाळायला ठेवण्यासाठी, कुटुंब निवडताना त्याची क्षमता, हेतू, कुवत आणि मुलं सांभाळण्याचा आधीचा अनुभव बघावा, असं त्यात आहे. समितीने दर महिन्याला पाहणी करावी, आणि कुटुंब कमी पडतंय असं दिसलं तर मूल तिथून हलवावं, असंही आहे. हे कलम मुख्यतः परक्या कुटुंबांसाठी आहे, आमच्यासारख्या नात्यातल्यांची वाट बहुतेक बालसंगोपनातून जाते, हा फरक मला तेव्हा कुणी समजावला नव्हता. मी एवढंच वाचलं : कमी पडलात तर मूल हलवणार.

कायद्याला नावं ठेवत नाही. मारझोड होते, उपाशी ठेवतात, मोलकरणीसारखं राबवतात अशा घरातून मूल उचलायलाच हवं, त्याच दिवशी उचलायला हवं. पण छळणारं घर आणि थकलेलं घर यांना कागदावर शब्द एकच आहे, "कमी पडणं". आणि त्यावर उपायही एकच. मग थकलेला माणूस तोंड उघडेल कशाला? क्षमता म्हणजे काही जातीचा दाखला नाही, एकदा काढला की जन्मभर चालला. ती गॅसच्या सिलिंडरसारखी आहे. आणला तेव्हा भरलेला होता म्हणून आजही भरलेला असेल असं कुणी धरत नाही, हलवून बघतात.

दुसरं कारण साधं, ठाणेकरांना सांगायला नको. कुणी वेड्यासारखं वागलं की आपल्याकडे म्हणतात, "ह्याला ठाण्याला पाठवा." पुण्याकडचे येरवडा म्हणतात. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. म्हणजे सव्वाशे वर्षांत आपण एका शहराच्या नावाची शिवी करून ठेवली. आम्ही राहतोच ठाणे जिल्ह्यात, आम्हाला आणखी कुठे पाठवणार! हसू येतं, पण भाच्याच्या बापाकडचे कधीतरी उगवतील आणि "त्या बाईची डोक्याची औषधं चालू आहेत" असं म्हणतील, या विचाराने मी वर्षभर दवाखान्याची पायरी चढले नाही.

आता त्या "समजूतदार" शब्दाकडे येते.

एका शनिवारी शाळेतून आल्यावर मी त्याच्या चपला उचलून ठेवत होते. उजव्या चपलेचा अंगठा तुटलेला, आणि तो माझ्याच शिवणाच्या डब्यातल्या काळ्या दोऱ्याने बांधलेला. दोरा मळून चपलेच्या रंगाचा झाला होता, म्हणजे बरेच आठवडे झाले असणार. विचारलं तर म्हणाला, "चालतीये ना." आठ वर्षांचं पोर. त्याने ना चप्पल मागितली, ना सहलीचे पैसे, ना वाढदिवस. सकाळी उठून आधी माझं तोंड बघायचा. कपाळाला आठी असली की दूध न मागता कोरा चहा पिऊन जायचा. बाहेरचे म्हणायचे, किती शहाणा हो! माझी स्वतःची मुलगी त्या वयात भर बाजारात जमिनीवर लोळण घ्यायची. तिला ठाऊक होतं की कितीही लोळलं तरी आई कुठे जात नाही. याला ठाऊक होतं की आई जाते.

आणि यात माझा हात आहे. तेही लिहायला हवं, नाहीतर हे पत्र अर्धं खोटं होईल. एका रात्री त्याने गादी ओली केली. सहाव्या वर्षी आला तेव्हापासून अधूनमधून करायचा. बाहेर पाऊस, वाळवायला जागा नाही, सकाळची शाळा. मी चादर ओढता ओढता बोलून गेले, "तुझी आई सुटली आणि मी अडकले."

तो रडला नाही. त्याने चादरीचं दुसरं टोक धरलं आणि मला घडी घालू लागला.

समजूतदारपणा त्या रात्रीपासून वाढला. गृहभेटीच्या वहीत आलेला "समाधानकारक" हा शब्द त्या रात्रीचा आहे. म्हणून माझं मागणं आहे की नात्यात किंवा परक्या घरात वाढणारं मूल फारच समजूतदार दिसलं, काहीच मागत नाही, कधीच भांडत नाही असं दिसलं, तर तिथे बरोबरची खूण करून पुढे जाऊ नका. थोडं बसा. त्या घरातल्या मोठ्या माणसाकडे बघा.

हे मी आपल्या मनाने म्हणत नाही. नंतर मी बरंच वाचलं, मोबाइलवर भाषांतर करून, तुटकफुटक. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. आई तान्ह्या बाळाशी हसते, खेळते, आणि मग थोडा वेळ चेहरा अगदी कोरा ठेवते. बस, एवढंच. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, किंचाळून बघतं, आणि काहीच होत नाही म्हटल्यावर मान वळवून गप्प होतं. मार नाही, शिवी नाही, उपासमार नाही. आपल्या वहीतला कुठलाच रकाना लाल झालेला नाही. आमच्या घरात तो कोरा चेहरा दोन मिनिटं नव्हता, दोन वर्षं होता.

अमेरिकेतल्या मर्ना वाइसमन आणि सहकाऱ्यांचा २००६ सालचा अभ्यास मला सगळ्यात जास्त भिडला. नैराश्यावर उपचार घेणाऱ्या आया आणि त्यांची मुलं, अशा १५१ जोड्या. औषध आयांना आणि मोजणी मुलांची. तीन महिन्यांनी ज्या आया बऱ्या झाल्या त्यांच्या मुलांमध्ये मानसिक त्रासाची निदानं ११ टक्क्यांनी कमी झाली. ज्या आयांना आराम पडला नाही त्यांच्या मुलांमध्ये ती ८ टक्क्यांनी वाढली. कुणी म्हणेल, हे रक्ताचं असेल, आईचा आजार मुलात उतरला असेल. त्यालाही उत्तर आहे. २००८ मध्ये मिनेसोटातल्या संशोधकांनी दत्तक मुलांची घरं बघितली, जिथे आई आणि मूल यांचं रक्त एक नाही. तिथेही आईचं नैराश्य मुलाच्या वाट्याला आलं. म्हणजे ते हवेतून जातं, स्वयंपाकघरातून, सकाळच्या तोंड बघण्यातून. फॉस्टर घरांसाठी याहून सरळ पुरावा काय हवा?

अर्थात हे एकाच बाजूने चालत नाही. आईबाप गमावलेलं मूल रात्री दचकून उठतं, गादी ओली करतं, चोरून खातं, खोटं बोलतं. आणि ते सांभाळता सांभाळता धडधाकट माणूसही खचतो. मग खचलेल्या माणसाकडे बघून मूल अजून घाबरतं. कुठून सुरू झालं हे शोधत बसण्यात अर्थ नाही. पण मध्ये हात घालायचा झाला तर मोठ्या माणसापाशी घालणं सोपं, एवढंच त्या अभ्यासातून मी घेतलं.

नात्यातल्या घरांचं आणखी एक आहे. परक्या फॉस्टर घरात मूल दुःख घेऊन येतं, आमच्या घरात दुःख आधीच बसलेलं असतं. आम्ही सात-आठ जणी आता महिन्यातून एकदा भेटतो, त्यातल्या एक आजी कळव्याच्या आहेत. मुलगा लोकलमधून पडून गेला, सून माहेरी गेली ती परतली नाही. अडुसष्ट वर्षांच्या आजी आणि सात वर्षांची नात. आजींचे गुडघे गेलेत, बीपीची गोळी चालू आहे, आणि नात हसली की हुबेहूब मुलासारखी हसते. आजी सांगतात, "ती हसायला लागली की मी स्वयंपाकघरात जाते." पोरीला काय वाटत असेल? आपण हसलो की आजी उठून जाते.

दुसरी एक मामी आहे, दिघ्याची. मामाचं घर म्हणजे सुट्टी, आंबे, लाड असं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या पोरांना सांगत आलेत. पण मामाच्या घरात पोळ्या लाटते ती मामी. नवऱ्याच्या दोन भाच्या घरात आल्या तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. गाव म्हणतं, मामाने बहिणीच्या पोरी पदरात घेतल्या. मामीचा पदर कुणाला दिसत नाही. कागदावर पालक म्हणून सही मामाची, आणि गृहभेटीत प्रश्नही मामाला, कारण भेट रविवारी होते आणि रविवारी तो घरी असतो. मामीची सासू वर लक्ष ठेवून असते की पोरींना दूध कमी तर पडत नाही ना. ती बाई एकदा म्हणाली, "मी चिडले तर सावत्र, रडले तर नाटकी." यावर आमच्यापैकी कुणालाच काही बोलता आलं नाही.

मी दवाखान्यात गेले कशी? आमच्या शाळेत शिपाई मावशी आहेत. (मावशीला मावशीनेच ओळखलं.) तिसऱ्यांदा चुकलेला दाखला त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला, दुसऱ्या दिवशी स्वतः रजा टाकली आणि मला सरकारी ओपीडीत घेऊन गेल्या. केसपेपर काढला, दोन तास बाकड्यावर बसलो. डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार आहे, आळस नाही. गोळ्या सुरू झाल्या. लगेच काही वाटलं नाही, उलट पहिल्या आठवड्यात मळमळ. त्याच काळात एकदा रात्री पावणेतीनला १४४१६ ला, म्हणजे टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला होता. घरात पोरं झोपलेली, म्हणून जिन्यात बसून बोलले. पलीकडून मराठीतच कुणीतरी अर्धा तास ऐकून घेतलं. हा नंबर २०२२ पासून आहे आणि फुकट आहे. गृहभेटीला येणाऱ्यांनी तो एका चिठ्ठीवर लिहून फ्रिजला लावून गेलं तरी पुष्कळ.

सहाव्या-सातव्या आठवड्यात घरात एक गोष्ट घडली. बाजारात भाच्यासाठी चप्पल घेत होतो. मी एक जोड उचलला. तो म्हणाला, "मला ही नको." मी म्हटलं, स्वस्त आहे, चांगली आहे. तर पाय आपटून, दुकानात सगळ्यांसमोर, "मला लाइटवालीच पाहिजे!" दुकानदार वैतागला. मुलगी लाजून दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. मी तिथेच खाली बसले, मला हसूही येत होतं आणि रडूही. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने मला काही मागितलं होतं.

आता तो हट्टी आहे, उलट बोलतो, गृहपाठ लपवतो. गादी ओली होणं मात्र थांबलंय.

म्हणून आता तुमच्याकडे काय मागायचंय ते लिहिते.

गृहभेटीत मोठ्या माणसाला दोन प्रश्न विचारा. गेल्या पंधरा दिवसांत कशात मन लागत नाही असं झालंय का? उदास, हताश वाटतंय का? जगभर डॉक्टर नैराश्याची पहिली चाचपणी याच दोन प्रश्नांनी करतात, त्याला डिग्री लागत नाही. हे प्रश्न जी बाई प्रत्यक्ष सांभाळते तिला विचारा, सही करणाऱ्याला नाही. आणि मुलासमोर विचारू नका. वन आरके असेल तर जिन्यात चला म्हणा.

पण त्याआधी एक कागद द्या. त्यावर समितीच्या सहीशिक्क्यानिशी एवढंच असावं, की मानसिक आजारावर उपचार घेणं हे मूल काढून घेण्याचं कारण धरलं जाणार नाही. हा कागद नसेल तर ते दोन प्रश्न विचारूच नका, कारण आम्ही खोटं बोलू. हे काही जगावेगळं मागणं नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये म्हटलंय की रुग्णालयात उपचार घेणाऱ्या बाईचं तीन वर्षांखालचं मूल एरवी तिच्यापासून तोडू नये. ज्या देशाच्या कायद्याला दाखल झालेल्या आईबद्दल एवढं कळतं, त्याला ओपीडीत गोळ्या घेणाऱ्या मावशीबद्दल का कळू नये? त्याच कायद्यात आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही आहे. तेव्हा मी दिलेलं उत्तर मुलाच्या फाइलला टाचून ठेवू नका, हेही आलंच.

पैशांचं थोडक्यात. बालसंगोपनाचे २०२१ च्या आधी मुलामागे महिन्याला ४२५ रुपये होते, मग ११०० झाले, २०२३ पासून २२५०. केंद्राच्या मिशन वात्सल्य या मुलांसाठीच्या योजनेत ४००० आहेत. वाढवलेत, त्याबद्दल आभार. पण मला आकड्यापेक्षा तारीख हवी आहे. आमचे कधी वेळेवर आले, कधी पाच महिन्यांचे एकदम. कुठल्या टेबलावर थांबले ते मला माहीत नाही आणि मला कुणाचं नाव घ्यायचं नाही. एवढंच सांगते की उधारीवर वही-पेन्सिल आणणाऱ्या बाईला पाच महिन्यांनी आलेल्या अकरा हजारांचा आनंद होत नाही, पुढचे कधी येणार याची धास्ती वाटते. आणि गृहभेटी करणाऱ्या संस्थेला मुलामागे महिना २५० मिळतात. त्या उन्हातून आलेल्या मुलीने माझ्या शेजारी तासभर बसून माझं ऐकावं असं म्हणताना, तिचा रिक्षाखर्चही त्यातच बसवायचा आहे हे मला कळतं. ती रक्कम वाढवा.

सगळ्यात मोठं मागणं माहेरपणाचं. सख्ख्या आईला निदान म्हणायला तरी माहेर असतं. मे महिन्यात पोरं घेऊन जायचं, आजीच्या जिवावर सोडायची आणि आठ दिवस आयतं जेवायचं. माझं माहेर म्हणजे माझी बहीणच होती. आमच्या गटातल्या बहुतेकींचं तसंच आहे. जिथे विसावा मिळायचा तेच घर पडलंय, आणि त्याच घराचं मूल आता कडेवर आहे. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एकट्या व्यक्तीलाही, अविवाहित असो, विधवा असो, घटस्फोटित असो, फॉस्टर पालक होता येतं. चांगलंच झालं. पण एकट्या माणसाला ताप आला तर पोराला डबा कोण देणार, याची सोय कुठेय?

बाल न्याय अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये "योग्य व्यक्ती"ची तरतूद आहे. चौकशी करून समितीने मान्यता दिलेली, मूल ठरावीक काळापुरतं सांभाळणारी व्यक्ती. ही तरतूद संकटासाठी म्हणून ठेवली आहे; ती थकव्यासाठीही वापरता येईल का, एवढं बघा. नवी मुंबईच्या प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे वसाहतीत, ठाण्यात प्रत्येक प्रभागात, अशी दोन-तीन घरं हेरून ठेवा. महिन्यातून एक शनिवार-रविवार मूल तिकडे. पण तेच घर, तीच माणसं, दर महिन्याला. नाहीतर मुलाला वाटेल आपल्याला पुन्हा कुठेतरी पोचवतायत. आमच्या गटात आम्ही हे आपापसात सुरू केलंय. दिघ्याच्या मामीच्या दोघी भाच्या एका रविवारी माझ्याकडे येतात, माझी दोन पोरं एका रविवारी तिच्याकडे जातात. पहिल्या रविवारी मामी काय करून आली माहीत आहे? ऐरोलीच्या खाडीकडे एकटी चालत गेली आणि वडापाव खाऊन परत आली. म्हणाली, "दोन तास मला कुणी हाक मारली नाही."

समुपदेशक कमी आहेत, मानसोपचारतज्ज्ञ त्याहून कमी, हे मला ठाऊक आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं होतं की मानसिक आजार असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण म्हणून आपण वेगळे निघू असं मला वाटत नाही. तरी तज्ज्ञ नाहीत म्हणून थांबायचं कारण नाही. शेजारी गोव्यात "संगाथ" या संस्थेने साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. सहा-आठ भेटींत गप्पा, रोजच्या दिवसात एखादं आवडीचं काम परत आणणं, अडचणी एकेक करून सोडवणं. तीव्र नैराश्य असलेल्यांनाही त्याचा फायदा झाला, हे २०१७ मध्ये तपासून प्रसिद्ध झालंय. आमच्या शिपाई मावशींना असं शिक्षण मिळालं असतं तर? नाही मिळालं तरी त्यांनी केलं ते केलंच.

पुढची गृहभेट बहुधा शाळा सुरू झाल्यावर येईल. त्या वेळी वर्तनाच्या रकान्यात "हट्टी, उलट बोलतो" असं लिहावं लागेल, कारण तो तुमच्यासमोरच लाइटवाल्या चपला घालून घरभर नाचेल. कृपया ते त्याच्या किंवा माझ्या विरोधात धरू नका.

आणि तुमच्यापैकी कुणाला वेळ असेल तर, आमचा गट दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता भेटतो. मंदिराच्या सभामंडपात, आरतीच्या आधी तासभर. सतरंजी आम्हीच घेऊन येतो. तुमची वही तेवढी घरी ठेवून या.

आपली नम्र,
एक मावशी,
कोपरखैरणे